हाशियावरचे नाव

एखादे चित्र आवडले की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'हे कोणी काढले?' आजवर या प्रश्नाचे उत्तर सोपे असे. चित्राच्या कोपऱ्यात सही असे, ती वाचून आपले समाधान होई. आता तसे राहिलेले नाही. समजा, एका चित्रकाराने पावसाळ्यात डोंगरउतारावरची रानफुले आणि वेली पाहिल्या. त्यांची पन्नास-साठ जलरंगचित्रे हाताने काढली. ती चित्रे त्याने संगणकाला दिली. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांवरून कुठल्याच डोंगरावर कधी न उगवलेल्या शेकडो वेली तयार केल्या. त्यांतली एक त्याने निवडली, जाड कागदावर छापून घेतली आणि कुंचला हातात घेऊन तिच्यावर पुन्हा रंगकाम केले. आता या चित्रातला देठ हाताचा आहे, देठाचे वळण यंत्राचे आहे आणि पानावरचे दव पुन्हा हाताचे आहे. हे चित्र कोणाचे? त्याखाली एकट्याची सही करणे हा खरेपणा आहे की फसवणूक? प्रश्न चित्रकलेचा दिसतो, पण मुळात तो नीतीचा आहे.

या प्रश्नाला सध्या दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर रागाचे आहे. यंत्राने हात लावला की कला संपली, असे हे लोक म्हणतात. दुसरे उत्तर सोयीचे आहे. कुंचला, कॅमेरा आणि संगणक ही सारी अवजारेच, मग चर्चा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. हात आणि यंत्र यांचा संसार आपल्याकडे काही आज सुरू झालेला नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या तसबिरी घराघरांत लागल्या. त्या पाहून कला बुडाली असे कोणी आज म्हणत नाही. म्हणजे राग टिकत नाही. पण त्या तसबिरींवर नाव रविवर्म्यांचे राहिले आणि मूळ चित्राचा एकेक रंग वेगळा करून तो दगडावर उतरवणारे कारागीर बहुतेक अनामिकच राहिले. म्हणजे 'अवजारच तर आहे' एवढे म्हणूनही भागत नाही. अवजारामागे माणसे असतात.

माणसे कशी असतात, हे समजण्यासाठी एक उदाहरण पाहू. ॲना रिडलर या ब्रिटिश कलावंत आहेत. २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये ट्यूलिपच्या हंगामात त्यांनी सुमारे १०,००० ट्यूलिपची छायाचित्रे स्वतः काढली. प्रत्येक छायाचित्राखाली त्या फुलाचा रंग कोणता, पाकळीवर पट्टे आहेत की नाहीत, कळी आहे, उमललेले आहे की कोमेजलेले, हे हाताने लिहिले. 'मिरियड (ट्यूलिप्स)' या नावाने ही छायाचित्रे भिंतभर मांडली जातात. मग हाच संग्रह त्यांनी यंत्राला शिकवायला दिला. यंत्राची ही शिकण्याची पद्धत २०१४ मध्ये पुढे आली. तिच्यात दोन प्रणाली समोरासमोर बसवलेल्या असतात. एक खोटी फुले तयार करते, दुसरी त्यांतले खोटे ओळखते. ओळखणारी फसू लागली की करणारी तयार झाली. यातून 'मोझेक व्हायरस' ही कलाकृती उभी राहिली. पडद्यावर कुठल्याच बागेत नसलेली ट्यूलिप उमलतात आणि बिटकॉइनचा भाव जसा हलतो तसे त्यांच्या पाकळ्यांवरचे पट्टे बदलतात.

हे पट्टे म्हणजे काय? सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पट्टेदार ट्यूलिपच्या कंदांना वेडे भाव आले होते. १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. ज्या पट्ट्यांसाठी लोक वेडे झाले ते मावा किडीमुळे पसरणाऱ्या एका विषाणूचे लक्षण होते, हे विज्ञानाला विसाव्या शतकात कळले. लोक रोगाला सौंदर्य समजून पैसे मोजत होते. या कलाकृतीत मला सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र पडद्यावर दिसत नाही. ती भिंतीवरच्या हस्ताक्षरात आहे. 'यंत्राने केले' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा त्या यंत्राच्या पोटात कोणाची तरी दहा हजार वेळा वाकलेली मान असते. रिडलर यांनी ती लपवली नाही, भिंतीवर टांगली. यंत्राला शिकवायचे साहित्य त्यांनी स्वतःच्या कष्टाने उभे केले आणि त्या कष्टाचा हिशेब लोकांसमोर ठेवला.

हिशेब हा शब्द मी जाणून वापरला आहे. आपल्या परंपरेत असा हिशेब ठेवण्याची एक जागा होती. तिला फारसी-उर्दूत हाशिया म्हणतात, मराठीत समास.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अकबरनाम्याची एक सचित्र प्रत आहे. साधारण १५९० ते १५९५ या काळातली, शंभराहून अधिक चित्रांची. या चित्रांच्या खालच्या समासात लाल शाईने चित्रकारांची नावे लिहिलेली आहेत. पुष्कळदा एका चित्राला दोन नावे असतात. 'तरह' अमक्याची, म्हणजे आखणी आणि रचना त्याची. 'अमल' तमक्याचा, म्हणजे रंगकाम त्याचे. कधी तिसरे नावही असते, चेहरे काढणाऱ्याचे. चित्र एक, हात तीन, आणि तिन्ही हातांची नोंद. चित्र अनेकांनी मिळून केले म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नव्हते आणि उस्तादाचे नाव मोठे म्हणून रंग भरणाऱ्याचे नाव पुसले जात नव्हते. जहांगीर बादशहाने तर आपल्या आत्मचरित्रात दावा केला आहे की, एकाच चेहऱ्यात डोळे आणि भुवया दुसऱ्याने काढल्या असतील तरी कोणता हात कोणाचा हे आपण ओळखू शकतो. दाव्यात बादशाही ऐट असेल, पण ओळखण्याची ती इच्छा मला महत्त्वाची वाटते. बघणारा जेव्हा हात ओळखायला बसतो, तेव्हा हाताचा मान राहतो.

वनस्पतीचे चित्र या परंपरेला फार जवळचे. सजीवांची चित्रे काढण्याबद्दल मुस्लिम समाजात मतभेद होते आणि आहेत. पण उपजीविका चित्रांवर असलेल्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास यांनी झाडे काढ असा सल्ला दिल्याची रिवायत हदीसच्या ग्रंथात आहे. मशिदीच्या भिंतीवरची वेलबुट्टी आणि ग्रंथाच्या पानावरची फुले या मोकळ्या वाटेने बहरली. त्यातही लाला या फुलाचे कौतुक वेगळे. ट्यूलिपला फारसीत लाला म्हणतात. उर्दूच्या वर्गात अबजद शिकवताना मी मुलांना बेरीज करायला लावते. लाम ३०, अलिफ १, पुन्हा लाम ३०, हे ५. एकूण ६६. 'अल्लाह' या शब्दातली अक्षरे तीच आणि बेरीजही तीच, ६६. तुर्की कारागिरांनी हे फूल फरश्यांवर, कापडावर आणि थडग्यांवर का कोरले असेल, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

याच फुलाचे एक चित्र उस्ताद मन्सूर यांचे आहे. जहांगीरने त्यांना 'नादिर-उल-अस्र' म्हणजे आपल्या काळातील अद्वितीय, असा किताब दिला होता. १६२० च्या वसंतात बादशहा काश्मीरला गेला. तिथे मन्सूर यांनी शंभराहून अधिक फुले चितारली, अशी नोंद त्याने स्वतः करून ठेवली आहे. त्यांतली फारच थोडी आज उरली आहेत. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात लाल ट्यूलिपचे त्यांचे चित्र जपलेले आहे. युरोपातून आलेल्या वनस्पती-ग्रंथांतल्या छापील चित्रांचा मुघल फुलांच्या चित्रणावर प्रभाव पडला होता, असे अभ्यासक दाखवून देतात. म्हणजे मन्सूर यांच्या काळातला चित्रकारही फक्त फुलाकडून शिकत नव्हता, दुसऱ्याच्या रेषेकडूनही शिकत होता.

यंत्राचे समर्थक इथे आपल्याला अडवतात. ते म्हणतात, शागिर्द उस्तादाच्या रेषा गिरवून शिकतो. यंत्रही हजारो चित्रे पाहून शिकते. मग शागिर्दाला हुनरमंद म्हणायचे आणि यंत्राला चोर, हा कुठला न्याय? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात नात्याचा विचार नाही. शागिर्दाला उस्तादाने दारात घेतलेले असते. तो रंग खलतो, कागद घोटतो, बोलणी खातो आणि वर्षानुवर्षांनी स्वतःचे नाव लिहू लागला तरी कोणाचा शागिर्द हे अभिमानाने सांगतो. घेतलेल्याची त्याला जाणीव असते आणि देणाऱ्याची त्याला संमती असते. यंत्राच्या शिकण्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या 'लायन-५बी' या संचात चित्र आणि त्याचे वर्णन अशा सुमारे ५८५ कोटी जोड्यांचे दुवे होते. इंटरनेटवरून ते यंत्रानेच वेचले होते. या संचातल्या भागांवर चित्रे तयार करणारी एक प्रसिद्ध प्रणाली शिकवली गेली. ज्यांची चित्रे त्यात होती, त्यांना कोणी विचारले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत तीन चित्रकार या प्रश्नावर न्यायालयात गेले, ते यामुळेच.

आपल्या दाराजवळचे उदाहरण घ्या. पालघर-डहाणूच्या पाड्यांवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली बायांची नावे कोणत्या समासात आहेत? जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव राहिले, हे चांगलेच झाले. आज मात्र कोणीही यंत्राला 'वारली शैलीतले झाड' अशी आज्ञा देतो आणि अर्ध्या मिनिटात झाड मिळते. ते झाड ज्या शेकडो हातांमधून उगवले, त्यांतला एकही हात तिथे नाही. रविवर्म्यांच्या छापखान्यात कारागिराचे नाव गेले, पण मजुरी तरी मिळत असणार. इथे नावही नाही आणि मजुरीही नाही.

वर सांगितलेल्या आपल्या चित्रकाराचा खटला आता जरा स्पष्ट होतो. त्याने यंत्राला स्वतःचीच पन्नास-साठ चित्रे दिली, म्हणजे त्याने कोणाचेच काही घेतले नाही, असे वाटते. पण ही प्रणाली पन्नास चित्रांवर उभी राहत नाही. पान म्हणजे काय, सावली म्हणजे काय, हे तिने आधीच कोट्यवधी परक्या चित्रांवरून घोकलेले असते. चित्रकाराची पन्नास चित्रे हा त्या रांजणावरचा शेवटचा पेला. तेव्हा आपल्या बाजूने प्रामाणिक असलेला माणूसही नकळत परक्या शिदोरीतून जेवत असतो. सोगवेन चंग या कलावंताने यंत्रमानवी हाताबरोबर एकाच पृष्ठावर चित्रे काढली. त्यासाठी यंत्राला स्वतःच्या जुन्या रेखाटनांवर शिकवले आणि २०१७ मधल्या त्या कामाला 'मेमरी', म्हणजे स्मृती, असे नाव दिले. योगायोग असा की हे काम आज त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहे, जिथे अकबरनाम्याच्या समासातली लाल अक्षरे आहेत. यंत्राला कोणाची स्मृती द्यायची, हे ठरवण्याचा प्रयत्न तरी इथे दिसतो.

कोणी विचारेल, समासात किती नावे लिहायची? खारीच्या शेपटीचे केस गोळा करून कुंचला बांधणाऱ्याचे लिहायचे? लाजवर्द दळणाऱ्याचे लिहायचे? प्रश्न रास्त आहे. मुघल समासातही कागद घोटणाऱ्याचे नाव नाही. तो काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. बादशहाच्या दरबारात चित्रकार स्वतःला 'बंदा' म्हणवून घेत असे. तरी एक कसोटी लावता येते. ज्याच्या निवडीमुळे चित्र असे झाले, ज्याच्या जागी दुसरा असता तर चित्र वेगळे झाले असते, त्याची नोंद असली पाहिजे. दळलेला लाजवर्द कोणीही दळला तरी बहुधा निळाच राहतो. पण पानाची कड कशी वळवायची, हे ज्याने ठरवले तो बदलला की पान बदलते. कोट्यवधी नावे लिहिणे अशक्य असेल, तर कोणत्या साठ्यावरून यंत्र शिकले आणि तो साठा संमतीने जमवला होता की नाही, एवढे तरी लिहिता येते. अशक्याच्या आडोशाला शक्य ते टाळणे, ही मनुष्याची जुनी खोड आहे.

मग यंत्राचे नाव लिहायचे काय? अमेरिकेत स्टीफन थेलर यांनी आपल्या यंत्राला एका चित्राचा कर्ता म्हणून नोंदवण्याचा आग्रह धरला. त्या चित्रात रेल्वेच्या रुळांवर हिरवाई आणि फुले झुकलेली आहेत. २०२३ मध्ये न्यायालयाने आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की, तिथल्या कायद्यानुसार कर्ता मनुष्यच असावा लागतो. भारतात २०२० मध्ये 'सूर्यास्त' या चित्राला माणूस आणि यंत्र असे दोन कर्ते दाखवून कॉपीराइटची नोंद मिळाली होती. पुढच्याच वर्षी कार्यालयाने ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. कायद्याची कारणे कायद्यापाशी. मला नीतीचे कारण अधिक पटते. समासातले नाव हा नुसता मान नसतो, ती जवाबदेही असते. चित्र चुकले, चोरीचे निघाले, त्याने कोणाचे मन दुखावले, तर ज्याच्या दारी जायचे त्याचा तो पत्ता असतो. यंत्राला लाज वाटत नाही आणि त्याला जाब विचारता येत नाही. 'कागदावर जलरंग' असे आपण लिहितो, तसे यंत्राचे नाव साधन म्हणून जरूर लिहावे. कर्ता म्हणून लिहिले तर एका माणसाला जबाबदारीतून पळवाट मिळते.

इथवर हिशेब माणसामाणसांमधला झाला. एक साक्षीदार मात्र राहिला, तो म्हणजे प्रत्यक्ष झाड.

आमच्या शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करणारी मुले असतात. सहावीतल्या एका मुलीने मागच्या वर्षी जास्वंदीची दोन चित्रे आणली. एक तिने आवारातल्या झुडपापुढे बसून काढलेले, दुसरे थोरल्या भावाच्या मोबाइलवर यंत्राकडून करून घेतलेले. दुसरे फारच देखणे होते. मुलांनी एकमुखाने त्यालाच पहिला नंबर दिला. मी म्हटले, चला, झुडपालाच विचारू. आम्ही बाहेर गेलो आणि पाकळ्या मोजल्या. झुडपावरच्या फुलाला पाच होत्या, मुलीच्या चित्रात पाच होत्या, यंत्राच्या फुलाला सहा. पाने मोजायला गेलो तर झुडपाची पाने फांदीवर एकाआड एक, यंत्राची समोरासमोर. मुलगी म्हणाली, "बाजी, मैंने तो गिन के निकाला था।" मी मोजून काढले होते, एवढेच ती म्हणाली.

यंत्रे सुधारतील आणि पाच पाकळ्या अचूक काढतील, यात शंका नाही. तेव्हा माझा मुद्दा चुकांचा नाही. मुद्दा त्या मोजण्याचा आहे. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की, मूल्यमापन फक्त तयार वस्तूचे करायचे नसते, ती करताना मुलात काय घडले त्याचेही करायचे असते. मोजून काढताना त्या मुलीला जास्वंद कळली. दुपारी ती मिटू लागते, देठाजवळ मुंग्या असतात, पानाची कड करवतीसारखी असते, हे सारे तिने सांगितले. यापुढे कोणी ते झुडूप तोडायला निघाले तर निदान एक जण विचारेल, का तोडता? मन्सूर काश्मीरच्या कुरणात बसले होते, रिडलर कोमेजणाऱ्या फुलांची नोंद करत होत्या, ही मुलगी पाकळ्या मोजत होती. तिघांचेही फुलाशी काही देणेघेणे झाले. बघण्याचे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. रंग भरणे सोपवता येते, छपाई सोपवता येते, उद्या कदाचित रचनाही सोपवता येईल. पण आपल्या वतीने दुसऱ्याने फूल पाहिले, तर ते आपण पाहिले नाही, एवढेच खरे.

म्हणून हात आणि यंत्र मिळून केलेल्या चित्राला माझा विरोध नाही. असे चित्र सुंदर असू शकते, नवे असू शकते आणि खरेही असू शकते. त्याला मूक समास मात्र चालणार नाही. चित्राच्या पाठीवर किंवा खाली तीन ओळी लिहाव्यात. मी प्रत्यक्ष काय पाहिले, ही पहिली. माझ्या हाताने काय केले, ही दुसरी. यंत्राने काय केले आणि ते कोणाकडून शिकले, ही तिसरी. ज्या चित्रकाराला या तीन ओळी लिहायला जड जात नाही, त्याने खुशाल सही करावी. जड जात असतील तर त्याने थोडे थांबून आपल्या मनाला कारण विचारावे. आपल्या शाळांनी आणि चित्रस्पर्धांनीही 'मोबाइल वापरायचा नाही' अशी पाळली न जाणारी ताकीद लिहिण्यापेक्षा या तीन ओळींची जागा प्रवेशपत्रिकेवर सोडावी. मुलांना खोटे न बोलता नवे साधन वापरण्याची सवय लागेल. आणि पहिली ओळ कोरी ठेवायची लाज वाटून काही मुले तरी कागद-पेन्सिल घेऊन झाडाखाली जाऊन बसतील.